फुलाचं फळ होईपर्यंत

जालना जिल्ह्यात कुणाला ‘यंदा बहार कोणता?’ असं विचारलं, तर समोरचा माणूस हवेबद्दल बोलणार नाही. तो ‘आंबे’ म्हणेल, नाहीतर ‘मृग’ म्हणेल. मोसंबीचं झाड आपल्या हवामानात वर्षातून तीनदा फुलू शकतं. जानेवारी-फेब्रुवारीत, आंब्याला मोहोर येतो त्याच सुमाराला येतो तो आंबे बहार. पावसाच्या सुरुवातीला मृग बहार. सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त बहार. तिन्ही घेतले तर झाड खचतं, त्यामुळे विहिरीतलं पाणी, बाजार आणि स्वतःची हिंमत बघून शेतकरी त्यातला एकच निवडतो. याला ‘बहार धरणं’ म्हणतात. ‘बहार’ हा शब्द फारसीतून आलाय आणि फारसीत त्याचा अर्थ वसंत ऋतू. म्हणजे अंबड तालुक्यातल्या आमच्या घरात दर दिवाळीनंतर चहा पिताना जी चर्चा चालते, ती खरं तर ‘औंदा वसंत धरायचा का नाही’ अशी असते. वडिलांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “धरून ठेवता आला असता तर काय पाहिजे होतं.”

वसंत धरायची पद्धत कवितेत शोभणारी नाही. आधी झाडाला उपाशी ठेवायचं. पाणी तोडायचं, मध्यम जमीन असेल तर साधारण दीड-दोन महिने. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, पाव हिस्सा गळून जातात. याला ‘ताण देणं’ म्हणतात. नव्या माणसाला वाटेल, बाग मेली. पण त्या ताणातच आतल्या आत फुलांची तयारी सुरू झालेली असते. मग ताण तोडायचा. खत घालायचं, पहिलं हलकं पाणी द्यायचं ते आंबवणी, त्यानंतरचं चिंबवणी. तीनेक आठवड्यांत बाग पांढरी होते. संध्याकाळी बांधावर उभं राहिलं की तो वास अंगावर येतो. गोड, थोडा कडसर, डोकं जड करणारा.

आणि तिथून खरी काळजी सुरू होते. मोसंबीच्या शंभर फुलांतली एखाद-दोनच फळापर्यंत पोचतात. बाकीची गळतात. काही गळायचीच असतात, तेवढं ओझं झाडाला पेलणारही नसतं. पण उन्हाचा एक तडाखा, एक वादळ, पाण्याची एक पाळी चुकणं, आणि त्या एखाद-दोनचं शून्य होतं. त्या दिवसांत वडील सकाळी बागेत गेले की आधी वर बघत नाहीत, खाली बघतात. जमिनीवर किती पांढरं पडलंय ते.

हे सगळं मला नव्याने दिसायला लागलं ते एका रोमन देवीमुळे.

मी राज्यसेवेची तयारी करत होते. पर्यावरणाच्या नोट्समध्ये ‘फ्लोरा आणि फॉना’ ही जोडी येते, म्हणजे वनस्पती आणि प्राणी. रात्री अकरा वाजता अभ्यास टाळायला माणूस काय काय शोधतो ते तुम्हाला माहीत आहे. मी ‘फ्लोरा’ शोधलं. ती निघाली प्राचीन रोममधली फुलांची आणि वसंताची देवी. फोनवर लगेच चित्रं आली. इटालियन चित्रकार बॉटिचेल्लीच्या ‘प्रिमावेरा’मध्ये ती आहे, फुलाफुलांच्या झग्यात, ओच्यातली फुलं उधळत चाललेली. तिच्या शेजारी एक घाबरलेली मुलगी आहे, तिच्या तोंडातून फुलं बाहेर पडतायत आणि मागून निळसर रंगाचा एक पुरुष तिला धरतोय. त्याही दोन बायका नाहीत, एकच आहे. आधी आणि नंतर.

ही गोष्ट ओव्हिड नावाच्या रोमन कवीने सांगितली आहे. दोन हजार वर्षांपूर्वी त्याने रोमन पंचांगावर एक मोठी कविता लिहायला घेतली, ‘फास्ती’ नावाची. कुठला सण कधी, का, कसा. बारा महिन्यांची करायची होती, आपल्यापर्यंत सहाच महिन्यांची आली. मे महिन्याच्या भागात तो थेट फ्लोराची मुलाखत घेतो. ती सांगते, मी आधी क्लोरिस नावाची साधी वनदेवता होते. पश्चिमेच्या वाऱ्याने, झेफिरसने, माझा पाठलाग केला, मी पळाले, तो जोरकस निघाला. मग त्याने माझ्याशी लग्न केलं आणि आंदण म्हणून फुलांचं राज्य दिलं. माझी काही तक्रार नाही, असंही ती म्हणते. मी ते वाचून फोन बाजूला ठेवला. जबरदस्ती आणि मग लग्न लावून ‘मिटवणं’ ही गोष्ट आपल्याकडे बातमीत येते, तिथे ती देवीच्या जन्मकथेत आली होती.

पण पुढे वाचलं तेव्हा ती चित्रातल्यापेक्षा फार वेगळी निघाली.

थोरला प्लिनी नावाचा एक लेखक होता. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात इ.स. ७९ मध्ये मेला तो. त्याने शेतीच्या प्रकरणात लिहून ठेवलंय की, एप्रिलच्या शेवटी रोमन लोकांचे लागोपाठ सण येतात, आणि त्यामागे पिकाची भीती आहे. २५ एप्रिलला रोबिगालिया. रोबिगो म्हणजे तांबेरा, गव्हावर पडतो तोच. त्याची देवता मानून तिला कुत्र्याचा बळी देत, की बाई, आमच्या शिवाराकडे फिरकू नकोस. आणि २८ एप्रिलपासून फ्लोरालिया, फ्लोराचा सण. तो इ.स.पू. २३८ मध्ये सुरू झाला, सगळा बहार नीट पार पडावा म्हणून. इथे प्लिनीने वापरलेलं क्रियापद फुलण्याचं नाही. फुलून झाल्यावर पाकळ्या गळून जाण्याचं आहे. म्हणजे मागणं ‘आम्हाला फुलं दे’ असं नव्हतंच. फूल व्यवस्थित संपू दे, त्याच्या मागे फळ राहू दे, असं होतं.

मला एकदम वडील आठवले, खाली बघत चाललेले.

फ्लोराच्या कक्षेत फक्त गुलाब आणि जाई नव्हत्या. ओव्हिडकडे ती स्वतः यादी सांगते. गहू नीट फुलोऱ्यावर आला तर खळं भरेल, द्राक्षवेल फुलली तर दारू होईल, ऑलिव्ह फुलला तर तेल. कडधान्यं आली, मधही आला. बाजारातला सगळा माल एकदा फूल होता, आणि त्या आठ-पंधरा दिवसांवर तिची सत्ता होती. पुढे सिनेटने तिच्याकडे दुर्लक्ष केलं. ती म्हणते, मी मुद्दाम काही केलं नाही, फक्त लक्ष काढून घेतलं. वारा सुटला, ऑलिव्हचा फुलोरा झडला. गारा पडल्या, पिकं झोपली. मग सिनेटने नवस केला आणि इ.स.पू. १७३ पासून तिचे खेळ दरवर्षी व्हायला लागले.

गारांचा उल्लेख मराठवाड्यातला माणूस सहज ओलांडू शकत नाही. आमची दोन एकर बाग होती, सव्वादोनशे झाडं, न्यूसेलर जातीची. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यात माणसांना टँकर होता, झाडांना कोण देणार? लोकांनी दहा-बारा वर्षांच्या बागा तोडून सरपण केलं. वडिलांनी निम्मी झाडं सोडून दिली आणि निम्म्यांना विकतच्या पाण्यावर जगवलं. कुठली निम्मी, हे त्यांनी एका दुपारी ठरवलं. प्रत्येक झाडाला हात लावून. त्या दुपारी त्यांच्याबरोबर कुणी गेलं नाही. वाचलेल्या झाडांनी पुढच्या हिवाळ्यात असा बहार धरला की गावातली माणसं बघायला यायची. आणि फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत, २०१४ साली, मराठवाड्यावर गारपीट झाली. फुलाची वाटाण्याएवढी फळं झाली होती. एका संध्याकाळी सगळं जमिनीवर होतं, हिरवं-पांढरं कालवलेलं. आई सुपात गारा भरून घेऊन आली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तेव्हा आमच्याकडे फुलोऱ्याचा देव कोण, असा प्रश्न मला पडला. अंबडची मत्स्योदरी आहे, नवरात्रात जत्रा असते, सगळा तालुका लोटतो. पण ती सगळ्याचीच आई. फक्त फुलांच्या पंधरवड्याची जबाबदारी घेणारी देवी नाही. भाद्रपदात महालक्ष्म्या येतात तेव्हा फुलोरा असतो, पण तो करंज्या-पापड्यांचा, देवीच्या डोक्यावर टांगायचा. पंचांगातल्या वसंताची म्हणावी अशी एकच आहे, चैत्रगौर. चैत्र शुद्ध तृतीयेला बसते आणि अक्षय्य तृतीयेला जाते. महिनाभर झोपाळ्यावर असते. २०२५ साली अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती, म्हणजे बरोबर फ्लोरालियाच्या दिवसांत. चैत्र-वैशाख म्हणजे वसंत ऋतू हे शाळेत पाठ केलेलं असतं. जालन्यात तेव्हा पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि वसंत म्हणून जे काही उरतं ते म्हणजे मोगरा, कडुनिंबाचा बारीक मोहोर आणि कैरी.

चैत्रगौर सगळ्या घरांत नसते. आमच्याकडे ती मुळात नव्हती. गावातल्या जुन्या वाड्यात एक मास्तरीणबाई होत्या, त्यांच्याकडे आईला हळदीकुंकवाला बोलावणं असायचं. त्या छत्रपती संभाजीनगरला मुलाकडे गेल्या तेव्हा आईला वाटलं, गल्लीत आता कुणीच करत नाही, आपण करू. तिने लाकडी चौरंगावर झोपाळा बसवला. आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगडाच्या फोडी, मोगऱ्याचा एकेक गजरा, आणि ओटीत भिजवलेले हरभरे.

हरभऱ्यांपाशी थांबते. रोमच्या फ्लोरालियात लोकांच्या गर्दीत काय उधळत होते माहीत आहे? हरभरे. पर्सिअस नावाच्या कवीच्या उपहासकवितेत उल्लेख आहे. निवडून यायचंय ना, मग फ्लोरालियाला लोकांना भरपूर हरभरे वाट, म्हणजे म्हातारे लोक पुढे उन्हात बसून त्याच्या आठवणी काढतील. बरोबर इतर कडधान्यंही असायची. हे वाचून मी आईला हाक मारली. रोम आणि अंबड यांचा काही संबंध आहे असा माझा दावा नाही, कृपा करून कुणी तसा फॉरवर्ड करू नका. हरभरा स्वस्त असतो, पोटभर होतो, उन्हाळ्याच्या तोंडावर घरात आलेला असतो, आणि शेंगेत दाणा भरणं हे दोन्हीकडच्या माणसांना पोट भरण्याचं सोपं चित्र वाटलं असणार. एवढंच. पण ‘एवढंच’ही मला पुष्कळ वाटलं.

हे हरभरे आमच्याकडे भिजवायची माझी आत्या. डाळ वाटायची तीच. कैऱ्या उकडायची, पन्ह्यात वेलदोडा किती ते ठरवायची, गजरेसुद्धा तीच ओवायची. आणि बायका यायला लागल्या की ती मागच्या दारी बसायची. वयाच्या चोविसाव्या वर्षी तिचा नवरा गेला. दोन महिन्यांत ती माहेरी परत आली, तेव्हापासून आमच्याकडेच आहे. तिला कुणी कधी ‘पुढे येऊ नको’ असं म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हणावं लागलंच नाही. हळदीकुंकवाचे नियम कुणी सांगत नाही, ते घरातल्या उंबऱ्यासारखे असतात. रात्री अंधारातसुद्धा पाय आपोआप उचलला जातो.

आता आत्याच्या कामाबद्दल सांगायला पाहिजे, कारण तिथेच ही फ्लोरा माझ्यासाठी पुस्तकातून उठून गल्लीत आली.

जालना म्हणजे बियाण्याचं गाव. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण व्यापारामुळे पडली, पण गेल्या साठेक वर्षांत त्या पाळण्यात बी झोपलेलं आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या मागोमाग कितीतरी कंपन्या उभ्या राहिल्या. संकरित बियाणं हा शब्द इथल्या पोरांना शाळेच्या आधी कळतो. पण संकरित बी तयार कसं होतं, हे बियाण्याच्या पाकिटावरचा फोटो बघून कळत नाही. ते बायकांच्या बोटांनी होतं.

कपाशीचं सांगते. प्लॉटमध्ये मादीच्या ओळी वेगळ्या, नराच्या वेगळ्या. कपाशीच्या फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, सोडून दिलं तर फूल स्वतःच्याच परागाने फळतं. तसं होऊ द्यायचं नाही. म्हणून उद्या सकाळी उमलणारी कळी आज दुपारनंतर ओळखायची, अंगठ्याच्या नखाने तिच्या बुडाशी गोल चीर द्यायची आणि पाकळ्यांसकट सगळे पुंकेसर एका हिसक्यात काढून टाकायचे. मधली बारीक दांडी तेवढी ठेवायची. तिला धक्का लागला की कळी वाया. मग लाल कागदाची टोपी, म्हणजे सकाळी सापडेल. दुसऱ्या दिवशी आठ-नऊच्या सुमाराला नराची उमललेली फुलं टोपलीत घेऊन निघायचं, टोपी काढायची आणि नराचं फूल त्या दांडीच्या टोकावर हलकेच फिरवायचं. एका नरात चार-पाच माद्या होतात. याला आमच्याकडे सगळे ‘क्रॉसिंग’ म्हणतात. आत्याने पंधरा वर्षं क्रॉसिंग केलं, आधी कपाशीत, मग भेंडीत. आता शेडनेटमधल्या मिरचीत करते. मिरचीचं फूल एवढंसं असतं, तिथे नख चालत नाही, चिमटा लागतो. पण उजव्या अंगठ्याचं नख वाढवायची तिची सवय गेली नाही. लहानपणी मला त्या नखाची भीती वाटायची. कपाशीच्या दिवसांत त्याची कड काळी पडलेली असायची.

आणि ओव्हिडकडे फ्लोराची सगळ्यांत मोठी गोष्ट कुठली आहे? ज्युपिटरने बायकोशिवाय मुलगी जन्माला घातली, मिनर्व्हा, थेट डोक्यातून. त्याची बायको जूनो चिडली. त्याला बाईशिवाय जमतं तर मला पुरुषाशिवाय का जमू नये? ती उपाय शोधत निघाली आणि दमून फ्लोराच्या दारात बसली. फ्लोरा आधी घाबरली, ज्युपिटरला कळलं तर? जूनोने गुपित राखायची शपथ घेतली. मग फ्लोराने तिच्या बागेतलं एक फूल खुडलं. ओलेनसच्या शेतातून आलेलं, बागेत ते तेवढं एकच होतं. देणाऱ्याने सांगितलं होतं की वांझ गाईला लावलंस तर तीही विईल. तिने ते जूनोला लावलं, आणि जूनोला दिवस गेले. त्यातून मंगळ जन्मला, मार्स, युद्धाचा देव. रोम वसवणाऱ्या रोम्युलसचा बाप.

फूल कसं खुडलं ते ओव्हिडने आवर्जून लिहिलंय. अंगठ्याने.

मी तो शब्द दोनदा तपासला. भाषांतरात आहे की मूळ लॅटिनमध्येही आहे ते बघितलं. आहे.

एक बाई, एक फूल, एक स्पर्श, आणि गर्भ. दोन हजार वर्षांपूर्वी ज्याला चमत्कार म्हटलं ते आमच्या आत्याने सकाळी आठ ते अकरा या वेळात, रोजंदारीवर, ओळीने केलं आहे. आणि चैत्रात, घरात वसंताची देवी झोपाळ्यावर बसलेली असताना, फुलाला हात लावायचा अधिकार तिला ओवण्यापुरता होता, माळण्यापुरता नव्हता.

फ्लोराच्या सणात कोण येत होतं, हा प्रश्न ओव्हिडनेही तिला विचारला आहे. कारण तिचा सण प्रतिष्ठित नव्हता. सामान्य लोकांचा होता, आणि मुख्यतः रोममधल्या वेश्या तो आपला मानत. देवी उत्तर देते की मी कपाळाला आठ्या घालणाऱ्या देवींपैकी नाही, माझा सण सगळ्या साध्या लोकांना उघडा असावा. सेरेस या धान्यदेवीच्या सणाला पांढरी वस्त्रं, हिच्या सणाला रंगीत. रिंगणात सिंह-वाघ नाही सोडायचे, ससे आणि शेळ्या सोडायच्या, कारण बागा-शेतांत काय असतं? तिच्या पहिल्या खेळांचा पैसासुद्धा मला फार आवडला. श्रीमंत लोक सरकारी कुरणांत बेधडक आपली जनावरं चारत होते. पब्लिशियस आडनावाच्या दोन अधिकाऱ्यांनी त्यांना दंड केला आणि त्या दंडातून सण केला. गायरानावरचं अतिक्रमण उठवून फुलांच्या देवीचा उत्सव. आमच्या तालुक्यात एखाद्याने करून दाखवावं.

म्हणून रोम फार मोकळं होतं असं नाही. तिथल्या रंगमंचावर त्या बायकांनी लोकांच्या मागणीवरून कपडे उतरवायचे, अशी प्रथा होती. एका वर्षी केटो नावाचा कडक शिस्तीचा पुढारी प्रेक्षकांत बसला होता. त्याच्यासमोर मागणी करायला लोकांना लाज वाटायला लागली. त्याला हे कळलं तेव्हा तो उठून गेला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुस्तकांत ही गोष्ट केटोच्या मोठेपणासाठी सांगतात. तो गेल्यावर रंगमंचावरच्या बायकांचं काय झालं, याबद्दल त्या गोष्टीत काही नाही. सणात बोलावलं की मान मिळाला असं होत नाही, हे रोमन बायकांनाही कळलं असेल. आणि न बोलावणं हाही काही बायकांचा रोजचा अनुभव असतो.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बाबतीतल्या प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. मी ती बातमी आत्याला वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत होती. “बरं झालं,” म्हणाली, आणि खडा बाजूला टाकला. आमच्या घरात ठरावाने काही बदललं नाही. तसं ते बदलणारही नव्हतं, कारण आमच्याकडे कुणी काही फोडत नव्हतं, पुसत नव्हतं. फक्त एक बाई मागच्या दारी बसत होती.

२०२५ च्या चैत्रगौरीला मी घरी होते. आईला मी फ्लोराबद्दल, हरभऱ्यांबद्दल आधीच सांगितलं होतं, आणि तिने ते ‘हं, हं’ करत ऐकलं होतं. संध्याकाळी आठ-दहा बायका आल्या. आई ओट्या भरायला लागली. पहिली ओटी कुणाची, यावर नेहमीचा आग्रह सुरू झाला, वयाने मोठं कोण वगैरे. आईने हरभऱ्याचं पातेलं उचललं आणि सरळ मागच्या दारी गेली. आत्या डाळीच्या वाट्या भरत होती. “वन्सं, पदर धरा,” आई म्हणाली. आत्याने वर बघितलं. पुढच्या खोलीतलं बोलणं थांबलं. आत्याचे हात डाळीने भरलेले होते, तिने ते कमरेला पुसले आणि पदर धरला. आईने ओंजळभर हरभरे घातले. कुंकू लावलं नाही. ते दोघींनाही जमलं नसतं, असं मला वाटतं. मग आई पुढे आली आणि बाकीच्या ओट्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एका काकूंनी आईला विचारलंच, “हे काय नवीन?” आई म्हणाली, “हरभरे तिनंच भिजवले होते.” हे उत्तर होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. काकू पुढच्या चैत्रात येतात का, ते बघायचं.

मी आत्याला गजरा दिला होता त्या रात्री. तिने हातात घेतला, वास घेतला, आणि गौरीच्या झोपाळ्याला बांधून टाकला. “कामून? ठिव की,” मी म्हटलं. “सकाळी नेटमध्ये जायचंय,” ती म्हणाली. “केसात फूल असलं की मधमाश्या मागं लागत्यात.” शेडनेटमध्ये मधमाशी शिरू देत नाहीत, हे तिनेच मला शिकवलंय. मी काही बोलले नाही.

मग आम्ही ओसरीत झोपलो. लाइट गेलेली. हातपंख्याने वारा घेत मी तिला जूनोची गोष्ट सांगितली. ज्युपिटरच्या डोक्यातून मुलगी, बायकोचा राग, फ्लोराच्या दारात येऊन बसणं. आत्याला राग ताबडतोब पटला. ओव्हिडचं नाव सांगायची गरज पडली नाही. फूल खुडून लावलं आणि दिवस गेले, इथपर्यंत आले तेव्हा ती कुशीवर वळली.

“कळी आदल्या दिवशी सोलली होती का?”

“नाही गं. देवी आहे ती. नुसतं लावलं.”

“आन् नर कुठनं आणला?”

“ओलेनस म्हणून गाव होतं, तिथल्या शेतातनं. एकच फूल होतं तिच्याकडं.”

आत्या थोडा वेळ गप्प होती. मला वाटलं झोप लागली.

“एकच?” ती म्हणाली. “एका नरात पाच होतात. बाकीच्या चारांना कुणी लावलं?”